पेनाचे तास

आज एकूण अठ्ठावीस तास वीस मिनिटं.
त्यातली पन्नास आजच्या सकाळची,
सहा पस्तीस ते सात पंचवीस, लातूर ते लातूर.
कुठं गेली होतीस, असं कुणी विचारलं
तर खरं उत्तर हेच, लातूरहून लातूरला.

पहिली दहा मिनिटं हरणांची.
धावपट्टीच्या मधोमध अकरा हरणं,
मागं सायकलवर पठाणमामा, तोंडात शिट्टी.
इंजिन चालू, म्हणजे मीटर चालू.
मग डाव्या हाताला पाच चकरा,
खाली तुरीचं करडं रान, कारखान्याचं धुराडं, पुन्हा तुरीचं रान.
पाच वेळा उतरले.
तीनदा चाकं टेकली, दोनदा आदळली.
रकान्यात नुसतं पाच.
कॅप्टन बिष्ट चष्मा कपाळावर चढवून
आधी घड्याळ बघतात, मग मला, मग सही.

आप्पांची वही याहून जाड होती.
टँकर नंबर, गाव, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ,
लिटर बारा हजार,
शेवटी सही, नसेल येत तर अंगठा.
सुट्टीत मी केबिनमध्ये बसून रकाने आखायचे.
खड्ड्यात रेघ तिरपी गेली की आप्पा म्हणायचे,
"नीट आख. पाणी सांडंल ना तिकडं."

दुपारी हँगरच्या सावलीत यशोधन म्हणाला,
"अकरा चाळीस राहिले ना तुझे?
चार उड. बाकीचे पेनाचे.
अर्ध्या पैशात. सहीचं मी बघतो.
पेनाला आडवं वारं लागत नाही, शिवलीला,
आणि हरणं तर मुळीच नाहीत."
मी हो म्हणाले नाही.
नाहीसुद्धा म्हणाले नाही.
एक तास म्हणजे कारखान्याच्या लॅबमधले माझे अठरा दिवस,
उसाचा रस, नळ्या, आकडे.
हिशेब मला पाठ आहे.

ज्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं आलं
त्या उन्हाळ्यातली एक खेप मला पाठ आहे.
औसा नाक्यावर टँकरचा क्लच गेलेला,
गाडी दिवसभर गॅरेजात, बोनेट उघडं.
ठेकेदार म्हणाला, लिहून टाक.
आप्पांनी लिहिली.
भेंडेवाडी, नऊ दहा, दहा पंचेचाळीस, बारा हजार.
रकाना मीच आखलेला, अगदी सरळ.
अंगठा कुणाचा ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी गेलो तर
विहिरीपाशी घागरींची रांग तशीच,
काहींत कागद कोंबलेले, नंबराचे.
मथुराबाईनं पाइप धरला आणि सहज विचारलं,
"परवाचं पाणी कुठं सांडलं म्हणावं, म्हालिंगआप्पा?"
आप्पा व्हॉल्व्ह फिरवत राहिले.
परतताना, बरंच पुढं आल्यावर,
माझ्याकडं न बघता म्हणाले,
"कागदावर पोचलं होतं."

त्या खेपेचे शंभर रुपये त्यांना मिळाले.
त्यातून माझी कंपासपेटी.
झाकण गेलं, कर्कटक गंजलं,
पण त्यातला कोनमापक अजून चालतो.
नकाशावर लातूर-नांदेड रेघेचा कोन
काल रात्री त्यानंच मोजला.

आता संध्याकाळ. आप्पा दारात,
टँकर विकून सहा वर्षं झाली तरी
कानाला रुमाल बांधायची सवय गेली नाही.
"काय लिवलालीस एवढं?"
मी वही त्यांच्या हातात देते.
इंग्रजी येत नाही, पण रकाने येतात.
बोट तारखेवरून वेळेवर, वेळेवरून सहीवर जातं,
प्रत्येक ओळीवर तितकाच वेळ थांबतं.
मग वही तळहातावर तोलून बघतात.
"लई पातळ हाय गं."
"हो," मी म्हणते, "अजून पातळच आहे."

यशोधनचे दोन फोन येऊन गेले.
उद्या सहाला. वारं पूर्वेकडून, आठ नॉट.
पठाणमामांना सांगून ठेवलंय,
शिट्टी थोडी आधी वाजवा.